पिकअपचा आवाज आणि छतावरची डांबरी पट्टी: एक खुलासा

'गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबरी पट्टी पिकअपच्या केबिनभर चिकटवा, आवाज रोखायच्या महागड्या शीटइतकाच आवाज बंद होतो,' असा सल्ला सध्या फिरतोय. कृपया तो मानू नका.

डांबर उन्हात मऊ पडतं. बंद केबिनमध्ये वास मारतं, छताच्या पत्र्यावरून सुटून लोंबतं. आवाजासाठीची शीट ब्युटाइल रबराची असते, वर ॲल्युमिनियमचा थर. पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं जातं आणि ती थरथर उष्णतेत जिरते. म्हणून सगळा पत्रा मढवायचीही गरज नाही. सपाट भागाच्या मध्यावर पाव ते निम्मा भाग पुरतो. पिकअपमध्ये सीटमागची भिंत आधी घ्या. बोटाने टकटक करा: 'टण्ण' वाजणारी जागा शीट लावल्यावर 'ठप्प' वाजली पाहिजे. पत्रा आधी स्पिरिटने पुसा आणि शीट रोलरने घट्ट दाबा, खाली हवा राहिली तर काम फुकट.

मात्र टायरचा, वाऱ्याचा आवाज या शीटने फारसा अडत नाही. त्याला फोमवर जड व्हिनाइलचा (लवचीक प्लास्टिकचा) सलग थर लागतो, दाराची रबरंही धड हवीत.

आणि दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं कधीही बुजवू नका. नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून दार आतून गंजतं.