पिवळा दिवा

माझ्या २०१० सालच्या गाडीत एबीएसचा, म्हणजे करकचून ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला तो विझेचना, आणि तेवढ्यावर गॅरेजमधल्या सल्लागाराने बॉनेटसुद्धा न उघडता 'युनिट गेलंय' असा निकाल देऊन ४२,००० रुपयांचे एस्टिमेट माझ्या हातात ठेवले, याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या कारना एबीएस सक्तीचे झाले; आम्ही मात्र ते त्या काळी वरच्या मॉडेलचे जादा पैसे मोजून घेतले होते.

बाकावर स्वतःच्या स्कूटरची वाट पाहत बसलेल्या एका काकांनी ते एस्टिमेट माझ्या खांद्यावरून, ओठ हलवत, शेवटच्या जीएसटीपर्यंत वाचले.

"गाडी थांबते ना?"

"थांबते."

"मग दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा. नजरेआड झाला की संपलं."

निसरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर चाके जाम होऊन स्टिअरिंग निकामी होते, असे मी सांगू पाहिले.

"त्याला पाय आहे की! दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. चाळीस वर्षं चालवली. आमच्या पायाला कधी दिवा लागला नाही."

हे सांगताना त्यांची चप्पल फरशीवर अशी आपटत होती, की सल्लागारही क्षणभर दचकला. एबीएस हेच काम सेकंदात कित्येकदा करते, आणि काकांचा पाय चारही चाकांना एकदम सोडतो तिथे ते नेमक्या जाम होणाऱ्या चाकाचा दाब कमी करते, हे त्यांना पटवण्याच्या भरीस मी पडलो नाही, कारण तेवढ्यात त्यांनीच विचारले, "पण तेल बघितलं का?"

तिथल्या पगारी माणसाला न सुचलेला प्रश्न चिकटपट्टीवाल्या काकांना सुचावा! ब्रेक ऑइलची पातळी, बॅटरीचा व्होल्टेज, एबीएसचा फ्यूज, चारही टायर एकाच मापाचे आहेत की नाहीत, आणि चाकाजवळच्या सेन्सरची वायर शाबूत आहे का, एवढे पाहायला कोणतेही युनिट उतरवावे लागत नाही. पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला असता, तर गाडी मुळात रस्त्यावर आणणेच धोक्याचे होते.

मी हटून बसल्यावर एका पोऱ्याने नाइलाजाने चाके फिरवून पाहिली. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर घासून घासून आतली तांब्याची तार उघडी पडली होती. ती जोडून, टेप गुंडाळून, क्लिपमध्ये परत बसवल्यावर थोडे अंतर गाडी चालवताच दिवा विझला. टेप काळीच होती, हे काकांनी मोठ्या समाधानाने सर्वांच्या निदर्शनास आणले.

बिलात वायरजोडणीचे २०० रुपये होते आणि 'तपासणी शुल्क' म्हणून १,२०० होते. हे कशाचे, असे विचारल्यावर सल्लागार अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, युनिट बदललं असतं तर तपासणी फ्री होती."