कुणाचा रं तू?

आज दुपारी भाची आली होती. गेल्या शनिवारी चौघी मैत्रिणी राजमाचीला काजवे बघायला गेल्या होत्या, त्याचे फोटो दाखवत होती. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने चालत गेल्या, उधेवाडीत एका घरी मुक्काम केला, पिठलं-भाकरी खाल्ली. सगळं छान. आणि मग चहा पिता पिता हसत हसत सांगते, "मावशी, एक गंमत झाली."

वाटेत एक बाइकवाला थांबला. कुठून आलात, किती जणी आहात, मुक्काम कुठे, कुणाच्या घरी, सगळं विचारलं. हिने सगळं सांगितलं. त्याने नंबर मागितला, "काजव्यांचे चांगले स्पॉट पाठवतो." नंबरही दिला. रात्री एक वाजता फोन आला, मी बाहेर उभा आहे, चला, खालच्या जंगलात खूप काजवे आहेत. या उठून चपला घालत होत्या. घरमालक दादांना जाग आली, ते बॅटरी आणि काठी घेऊन बाहेर गेले, तेव्हा बाइक सुरू होऊन निघून गेल्याचा आवाज आला.

ही गंमत.

मी विचारलं, अगं, नंबर का दिलास? ती म्हणाली, "मावशी, तो इतका छान बोलत होता. तोंडावर नाही कसं म्हणणार?"

माझा हात थरथरायला लागला, कप खाली ठेवला. कारण हेच वाक्य मी २००६ मध्ये म्हटलं होतं. शब्द न् शब्द हेच.

आणि तेवढ्यात सोफ्यावरून आमच्या घरातल्या एका ज्येष्ठांचा निकाल आला, "म्हणूनच म्हणतो, मुलींनी रानावनात जायचंच कशाला?" तिथे मी घरच्यांसमोर जे बोलले ते बोलले. उरलेलं इथे लिहितेय.

आधी २००६. मी आणि माझी मैत्रीण, दोघीच, हरिश्चंद्रगडाला निघालो. कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी, खुबी फाट्यावर उतरायचं, पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर. पहाटेचं धुकं पाण्यावर होतं. नागेश्वराच्या देवळात टेकलो, मग टोलार खिंडीची वाट धरली. खिंडीत ते वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे, त्याच्याजवळ एक माणूस बसला होता. तिशीचा, स्वच्छ शर्ट, पायात स्पोर्ट शूज, बोलायला अतिशय गोड. "ताई, वरची कातळाची वाट बंद आहे, दरड आलीय. मी पण वरच चाललोय. या बाजूने जंगलातून सोपी वाट आहे, चला."

बाण वरच्या दिशेने होते. दगडावर रंगवलेले, ठळक, मला दिसत होते. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघींच्याही पोटात खड्डा पडला होता, हे आम्ही एकमेकींना नंतर सांगितलं. पण माणूस एवढ्या आपुलकीने सांगतोय, त्याला "नको" म्हटलं तर त्याला काय वाटेल? आपण त्याच्यावर संशय घेतोय असं वाटेल ना? म्हणून निघालो त्याच्या मागे. भीड! निव्वळ भीड.

भीड भिकेची बहीण असं आजी म्हणायची. पण आम्हाला वाढवताना शिकवली ती भीडच. पाहुण्यांसमोर मान हलवायची, मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही, कुणी काही दिलं तर घ्यायचं, कुणी हसलं तर हसायचं. जंगलात बिबट्याने आमचं काही वाकडं केलं नाही कधी. साप दिसले, ते आपल्या वाटेने गेले. मला संकटात नेलं ते माझ्या चांगल्या वळणाने.

आता "जायचंच कशाला"वाल्यांना. मुलगी रस्त्यावर छेडली गेली तर रस्ता बंद, ट्रेनमध्ये छेडली गेली तर ट्रेन बंद, क्लासला जाताना कुणी मागे लागलं तर क्लास बंद. असं करत करत तिच्यासाठी स्वयंपाकघर उरतं. सह्याद्री तुमच्या मुलांचा आहे तेवढाच आमच्या मुलींचा आहे. यावर मी चर्चा करणार नाही. माझ्या मित्रयादीतल्या कुणाला ती करायची असेल असं मला वाटतही नाही.

आणि "सोबत एखादा मुलगा न्या" हा दुसरा तोडगा. ऑक्टोबर २०२४ मधला बोपदेव घाटातला सामूहिक बलात्कार विसरलात का? पुण्याच्या वेशीवर. त्या मुलीसोबत मित्र होता. त्यालाच बांधून घातलं. एक मुलगा म्हणजे चिलखत नव्हे. आणि मुलग्यांनाही गाठून लुटतात, मारतात, ते लाजेने घरी सांगत नाहीत, एवढाच फरक.

हो, मान्य आहे, डोंगरात माणसं जातात ती जास्त करून पाय घसरून, धबधब्यात बुडून, उन्हाने. ते मला माहीत आहे, वीस वर्षं फिरतेय. पण त्याची तयारी सगळे करतात. दोर, ग्रिपचे बूट, ओआरएस, मधमाश्यांसाठी सूचना. अनोळखी माणसाची तयारी कुणी करून घेत नाही, कारण त्यासाठी मुलीला उद्धटपणा शिकवावा लागतो आणि तो शिकवायला कुणाच्या आईची जीभ वळत नाही.

तर त्या वाटेवर आम्ही वीसेक मिनिटं चाललो. वाट बारीक होत गेली, मग वाट राहिलीच नाही, कारवीच्या झुडपांतून अंग काढत चाललो होतो. तो पुढे. मधूनमधून मागे वळून हसायचा. किती जणी आहात, मागून कुणी येतंय का, घरी सांगून आलात का, असं विचारायचा. आणि मी, मूर्खासारखी, खरं सांगत होते. दोघीच आहोत. कुणी येत नाहीये. घरी "कॉलेजच्या ग्रुपबरोबर" असं खोटं सांगून आलोय.

घरी खोटं, परक्याला खरं! हे मी भाचीला आज तीनदा सांगितलं. उलट कर. घरी खरं सांग, परक्याला खोटं. "मागून आमचे बारा जण येतायत, सर पुढे गेलेत, खाली गाडी उभी आहे." त्यात कसलंही पाप नाही. कुठे राहणार विचारलं तर "अजून ठरलं नाही." नंबर मागितला तर "देत नाही." "देत नाही"च्या पुढे कारण द्यायचं नाही. कारण दिलं की ते खोडून काढायला समोरच्याला जागा मिळते.

आणि घरी खरं म्हणजे कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने, कुठे मुक्काम, किती वाजता खाली. हरिश्चंद्रगडालाच पाचनई, खिरेश्वर, नळीची वाट अशा कितीतरी वाटा आहेत. "हरिश्चंद्रगडला गेलीय" एवढ्यावर शोधणार कुठे? पायथ्याच्या गावातही एका घरी सांगून ठेवायचं. चहा प्यायचा, बिस्किटपुडा घ्यायचा आणि सांगायचं, आम्ही चौघी वर चाललोय, उद्या अकराला इथेच जेवायला येऊ. जेवायला येऊ म्हटलं की तुमची वाट बघणारं माणूस तयार होतं. तुम्ही वेळेवर आला नाहीत तर पहिली हाक तिथूनच जाते.

फोटो टाकायची घाई करू नका. उतरल्यावर टाका. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर बसून "फक्त आम्ही दोघी" असं लोकेशनसकट टाकणं म्हणजे दारावर पाटी लावणं आहे.

शिट्टी गळ्यात. बॅगेत नाही, गळ्यात. घाबरलं की घसा बंद होतो, माझा झाला होता. फुंकर मारता येते. आणि ११२ पाठ हवा. तुमच्या सिमची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर ११२ लागतो, त्यामुळे "नो सर्व्हिस" बघून हातपाय गाळू नका. लावून बघा. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण भराभर दाबलं की मदतीचा कॉल जातो. तुमच्या फोनमध्ये ते कसं चालतं ते आज घरी बसून सेटिंगमध्ये बघा, कड्यावर नाही.

कुणी "मी वनखात्याचा, इथे बसायला बंदी आहे, दंड भरा, चला माझ्याबरोबर" म्हणाला तर घाबरायचं नाही. ओळखपत्र मागायचं. पावती मागायची. आणि म्हणायचं, चला, खाली गावात जाऊन बोलू. खरा वनरक्षक गावात यायला कशाला कचरेल? गाव त्याला ओळखतं. खोटा असेल तर त्याला तुम्हाला गावापासून लांबच न्यायचं असतं.

कड्याच्या टोकावर कुणी फोटो काढून देतो म्हणत जवळ आला तर आधी कडा सोडा, मग उत्तर द्या.

परत त्या कारवीत येते. कारण आम्हाला वाचवणारी बाई सांगायची राहिली ना.

समोरून एक म्हातारी आली. डोक्यावर मोळी, हातात कोयता, काष्ट्याचं लुगडं. आम्हाला बघून थांबली. "कुटं चालल्या गं पोरींनो? तिकडं वाट न्हाई." तो माणूस म्हणाला, माझ्याबरोबर आहेत, गडावर चाललोय. तिने मोळी खाली टाकली. त्याच्याकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत, आणि विचारलं, "कुणाचा रं तू?"

एवढंच. कुणाचा रं तू.

तो काहीतरी बोलला, जुन्नरचा, पाहुण्यांकडे आलोय. "कंच्या घरी?" त्याला घर सांगता येईना. ती एकेक आडनाव घेऊन विचारत राहिली, अजिबात आवाज न चढवता, कोयता हातातच. तो "बरं, तुम्ही या मागून" म्हणत उतरू लागला. आणि तेव्हा खाली, आम्ही जिकडे चाललो होतो तिकडे, झाडीतून आणखी दोघं उठले आणि त्याच्याबरोबर गेले. ते आधीपासून तिथे बसून होते.

हे लिहिताना आत्ताही माझे तळवे ओले झालेत.

मैत्रीण मटकन खाली बसली. म्हातारीने आम्हाला एका शब्दानेही विचारलं नाही की दोघीच कशाला आलात. कळशीतलं पाणी दिलं. मोळी तिथेच ठेवून आम्हाला खिंडीपर्यंत परत आणलं, वरची वाट दाखवली. दरडबिरड काही नव्हतं. आम्ही वर गेलो नाही, तिच्याबरोबर खाली उतरलो. तिच्या सुनेने भात आणि वरण वाढलं.

म्हणून मला राग येतो, शहरातली माणसं "गावातले लोक डेंजर असतात" म्हणतात तेव्हा. ठाकर वस्तीतला, महादेव कोळ्यांच्या वाडीतला माणूस दिसला की पर्स सांभाळतात, आणि चांगले बूट घातलेल्या, "मॅडम" म्हणणाऱ्या माणसाला नंबर देतात. मला वाचवलं ते मोळीवालीने, भाचीला वाचवलं ते काठीवाल्या दादांनी. गावातही वाईट माणूस असू शकतो, तेवढं मी मानते. पण तिथे कुणाचा कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ज्याला लपायचंय त्याला तेच नडतं.

त्या दिवशी आम्ही पोलिसांकडेही गेलो होतो. ठाण्याचं नाव घेत नाही. "झालं तर काही नाही ना? मग? आणि ती हद्द आमची आहे का ते बघावं लागेल." गड नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, आम्ही चढलो पुणे जिल्ह्यातून, पलीकडे उतरलं की ठाणे जिल्हा. एका गडाला तीन जिल्हे, मग तक्रार कुणी घ्यायची? तेव्हा आम्ही गप्प घरी आलो. आज गप्प बसू नका. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं नंतर ते बघतात. आणि मुलीचा पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, २०१३ पासून, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. "झालं तर काही नाही ना" हे उत्तर ऐकून खुर्चीवरून उठायचं नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. भाचीवर तर मी उगाच ओरडले. तिची काय चूक? आम्हीच तिला "काकांना नमस्कार कर, पापा दे" म्हणत वाढवलं. तिला नको असायचं, ती आईच्या मागे लपायची, आम्ही तिला ओढून पुढे करायचो. तिच्या पोटात तेव्हा जे "नको" उठायचं तेच बरोबर होतं, ते आम्ही दाबलं. मीसुद्धा. हे मला आज पहिल्यांदा कळलं आणि फार वाईट वाटलं.

संध्याकाळी तिला घेऊन गच्चीवर गेले. मी तो माणूस झाले, गोड बोलले. "ताई, इकडून सोपी वाट आहे." तिने म्हणायचं, "नको. तुम्ही पुढे व्हा." पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा "नको हं, थँक्यू" म्हणाली. मी म्हटलं, थँक्यू काढ. पाचव्यांदा तिचा आवाज असा लागला की खाली पार्किंगमधल्या वॉचमन काकांनी वर बघितलं.

पुढच्या महिन्यात त्या चौघी खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला जायचं म्हणतायत. घरातून "नको" आलंय. मी "जा" म्हटलंय, आणि माझी शिट्टी तिच्या गळ्यात घातलीय. पाऊस उघडला की मी तिला खिरेश्वरला घेऊन जाणार आहे. त्या आजींचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांनी त्या नसतीलही. सून असेल, ते अंगण मला आठवतं, देवळाच्या मागच्या बाजूला. तिला विचारीन.