पिरॅमिड, चाबूक आणि मुकादम

आमच्या ग्रुपवर परवा तो फॉरवर्ड पुन्हा फिरून आला: 'गिझाचा मोठा पिरॅमिड लाखभर गुलामांनी चाबकाचे फटके खात, कांदा-लसणावर जगत बांधला. मेले की तिथेच दगडांत चिणले जात. राजा गेला की नोकरांनाही जिवंत पुरत.'

लाखाचा आकडा आणि कांदा-लसूण, दोन्ही हिरोडोटसचे. हा ग्रीक प्रवासी इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्तला गेला, हा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजानंतर जवळजवळ 2100 वर्षांनी. म्हणजे आज आपण नाणेघाटात उभं राहून सातवाहनांच्या काळातल्या हमालांची मजुरी सांगावी, तसं. कांद्याचा हिशेब त्याला दुभाष्याने भिंतीवरून 'वाचून' दाखवला (गाइड तेव्हाही असेच!). आणि गंमत म्हणजे तोही गुलाम म्हणत नाही. तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या सांगतो. गुलामांची गोष्ट बायबलमधून आली म्हणावं, तर तिथले इजिप्तमध्ये राबणारे इस्रायली लोक विटा पाडतात; पिरॅमिडचा तिथे उल्लेखच नाही.

चिणण्याचं म्हणाल तर, 1990 साली गिझाला एक घोडा मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांचं कबरस्तान सापडलं. पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी ते खणलं. पिरॅमिडच्या इतक्या जवळ, परलोकाच्या वाटेसाठी भाकरी आणि बिअरच्या मडक्यांसकट पुरलेली माणसं. पाठीचे मणके ओझ्याने झिजलेले, पण मोडलेले हात नीट बसवून सांधलेले. मरेपर्यंत राबवून फेकून द्यायच्या माणसाचा हात कोण बसवत बसेल?

जवळच, 'कावळ्याची भिंत' म्हणतात तिच्या पलीकडे, पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांना कामगारांची वस्तीच मिळाली: पाव भाजायच्या भट्ट्या, मातीचे जाड साचे, आणि गुरं-शेळ्यामेंढ्यांच्या हाडांचे ढीग. नुसत्या कांद्यावर भागत नव्हतं.

2013 मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला खुफूच्याच काळातल्या मेरेर नावाच्या टोळीप्रमुखाची रोजनिशी मिळाली. तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीत भरायचा, गिझाला उतरवायचा, परत फिरायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. थेट आजच्या ट्रकवाल्याची डायरी.

मात्र 'सगळे हौसेने, देवाचं काम म्हणून आले' हा उलटा फॉरवर्डही मला पटत नाही. गावागावांतून माणसं हुकमाने बोलावली जात. नाही म्हणायची सोय नव्हती. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वेठ. गुलामी नव्हे, पण मर्जीही नव्हे.

उरलं नोकरांना पुरण्याचं. यात तथ्य आहे, पण काळ चुकला आहे. अबिडोसला पहिल्या राजवंशातल्या जेर राजाच्या कबरीभोवती 300 हून जास्त लहान कबरी आहेत. त्यातले बरेच जण राजासोबत मारले गेले असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. पण ही चाल त्या राजवंशाबरोबरच संपली. खुफू चौथ्या राजवंशातला, काही शतकांनंतरचा.

पुढच्या काळात कबरीत माणसांऐवजी उशाब्ती नावाच्या बाहुल्या ठेवू लागले. परलोकातही वेठीचं बोलावणं येईल, शेत नांगरा, वाळू वाहा, म्हणून बाहुलीवर मंत्र लिहीत: नाव पुकारलं की तिने म्हणायचं, 'मी हजर आहे.' इ.स.पू. 1000 च्या सुमारास तर थोरामोठ्यांच्या कबरीत वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, अशा 365 बाहुल्या असत. त्यांच्यावर 36 मुकादम. आणि मुकादमांच्या हातात चाबूक.