हिरोशिमाचा पायलट वेडाबिडा झाला नव्हता

६ ऑगस्ट आला की हा फॉरवर्ड येतोच, यंदा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका दिवसात तीनदा आला. मजकूर साधारण असा: हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या पायलटला आपण काय टाकतोय हे माहीतच नव्हतं, खालचं दृश्य बघून तो 'देवा, आपण हे काय केलं' असं ओरडला, तीन दिवसांनी त्याच विमानाने नागासाकीवरही बॉम्ब टाकला, पुढे तो वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि शेवटी त्याने आत्महत्या केली (दुसऱ्या व्हर्जनमध्ये संन्यास घेतला). खाली हात जोडलेले आणि 'कर्माची फळं'. मलाही आठवीत सरांनी हेच सांगितलं होतं आणि कितीतरी वर्षं मीही ते लोकांना ऐकवत होतो, त्यामुळे कोणाला हसत नाहीये.

आधी वेड, आत्महत्या आणि संन्यास. तिन्ही नाही. एनोला गे नावाचं ते बी-२९ उडवत होता कर्नल पॉल टिबेट्स, विमानाचं नाव म्हणजे त्याच्या आईचं नाव. हा माणूस १९६६ मध्ये ब्रिगेडियर जनरल म्हणून रिटायर झाला, नंतर ओहायोत एका जेट विमानांच्या कंपनीचा प्रेसिडेंट झाला आणि २००७ मध्ये ९२ व्या वर्षी घरीच वारला. जो विचारेल त्याला आयुष्यभर सांगत राहिला की मला खंत नाही, रात्री झोप छान लागते. १९७६ मध्ये तर टेक्सासच्या एका एअर शोमध्ये त्याने बी-२९ उडवून हिरोशिमाचा 'प्रयोग' करून दाखवला, खाली धुराचा छत्रीसारखा ढग वगैरे सगळं, जपान भडकलं आणि अमेरिकन सरकारला माफी मागावी लागली. आणि गंमत म्हणजे साठच्या दशकात हा दिल्लीत होता, अमेरिकन लष्करी मिशनवर, आपल्याकडच्या डाव्या पेपरांनी त्याच्यावर झोड उठवली होती. इस्पितळात वगैरे काही नाही, आपल्याच राजधानीत ऑफिसला जात होता.

मग हे वेडाचं आलं कुठून? आगीशिवाय धूर निघत नाही, तसं इथेही आहे. क्लॉड इथर्ली नावाचा दुसरा पायलट होता. त्या दिवशी एनोला गेच्या पुढे हवामान बघायला तीन विमानं गेली होती, तीन शहरांवर एकेक, त्यातलं हिरोशिमावरचं इथर्लीचं, 'स्ट्रेट फ्लश'. सकाळी ७:०९ ला त्याच्यामुळे शहरात सायरन वाजला, लोक आडोशाला गेले. वर एकच विमान, घिरट्या घालून निघून गेलं. ढग फारसे नाहीत, ठरलेल्या शहरावरच टाका, असा निरोप त्याने मागे पाठवला. ७:३१ ला 'धोका टळला'चा सायरन झाला आणि लोक बाहेर आले, कामाला लागले. ८:१५ ला बॉम्ब सुटला. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त अंगावर येतो तो हा ७:३१ चा सायरन, आणि फॉरवर्डमध्ये नेमका तोच नसतो.

तर इथर्लीने बॉम्ब टाकला नाही, स्फोट झाला तेव्हा तो परतीच्या वाटेवर होता. युद्धानंतर मात्र त्याचं बिनसलं, खोटे चेक, चोऱ्यामाऱ्या, मग वेको इथल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात मानसोपचार. १९५९ पासून गुंथर अँडर्स या तत्त्वज्ञाबरोबरचा त्याचा पत्रव्यवहार गाजला आणि जगभरच्या पेपरांनी त्याला 'हिरोशिमा पायलट' करून टाकलं. ते दुखणं खरोखर अपराधीपणाचं होतं की आधीपासूनचं, यावर तेव्हाही भांडणं झाली. आत्महत्या त्यानेही केली नाही, १९७८ मध्ये कॅन्सरने गेला.

'देवा, आपण हे काय केलं' हे वाक्य खरं आहे पण ते टिबेट्सचं नाही आणि कोणी ओरडलं असंही नाही. को-पायलट रॉबर्ट लुईसने ते वहीत लिहिलं. एका पत्रकाराला विमानात जागा मिळाली नाही म्हणून त्याने लुईसला नोंदी ठेवायला सांगितलं होतं. हा लुईस आधीच धुमसत होता, कारण एरवी ते विमान तोच उडवायचा आणि 'आपल्या' विमानावर टिबेट्सच्या आईचं नाव रंगवलेलं त्याला परस्पर बघायला मिळालं!

माहीत नव्हतं म्हणणं तर अगदीच पोकळ. टिबेट्सला सप्टेंबर १९४४ पासून माहीत होतं, बॉम्ब टाकायची तुकडी त्यानेच उभी केली. बाकीच्यांना नेमका शब्द सांगितला नव्हता पण डोकं सगळ्यांना होतं. उड्डाणात टिबेट्स मागच्या भागात जायच्या बोगद्यातून रांगत परत येत होता तेव्हा शेपटीचा गनर बॉब कॅरनने त्याचा पाय धरला आणि विचारलं, कर्नल, आज अणूंशी खेळतोय का आपण? टिबेट्स म्हणाला बरोबर ओळखलंस. आणि विमानात बॉम्बची जबाबदारी असलेला नौदलाचा कॅप्टन पार्सन्स? आदल्या रात्री धावपट्टीवर बी-२९ आपटून जळताना बघून त्याने ठरवलं की बॉम्बमध्ये दारू आकाशातच भरायची, त्याची प्रॅक्टिस करून करून हात ग्राफाइटने काळे आणि खरचटलेले. असा माणूस अंधारात होता म्हणायचं?

राहिलं नागासाकी. तिथे बॉम्ब टाकला तो 'बॉक्सकार'ने, पायलट चार्ल्स स्वीनी. एनोला गे ९ ऑगस्टला निघालं होतं पण हवामान बघायला, कोकुरा या त्या दिवशीच्या पहिल्या लक्ष्यावर, आणि त्या दिवशी ते टिबेट्स नाही, जॉर्ज मार्क्वार्ट उडवत होता. त्याने कळवलं कोकुरा मोकळं आहे. बॉक्सकार पोचेपर्यंत तिथे धूर आणि धुरकट हवा पसरली, तीन फेऱ्या मारूनही लक्ष्य दिसेना, शेवटी ते नागासाकीकडे वळलं. इथर्लीने ६ तारखेला जे काम केलं तेच मार्क्वार्टने ९ तारखेला केलं, पण त्याच्या नावाचा एकही फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.