आधी गिऱ्हाईक समजून घ्या

महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळचे सात. कांदिवली असो की भांडुप, सुपरमार्केटच्या बिलिंगची रांग तूरडाळीपर्यंत गेलेली असणारच. तुमच्या पुढचे काका सगळं सामान स्कॅन होईपर्यंत हाताची घडी घालून छताकडे बघत उभे असतात आणि रक्कम ऐकल्यावर मग खिसे चाचपायला लागतात. चिडू नका. इथे पैसेही द्यावे लागतात हे त्यांना आत्ताच कळलंय. माणसाला सावरायला वेळ द्यावा.

यूपीआय देशात २०१६ साली आलं, पण काकांचा पिन अजून काकूंच्याच डोक्यात आहे. काकू वरच्या मजल्यावर कढया बघतायत. काउंटर खाली, आणि काकू फोन उचलत नाहीत. ‘अगं, पिन काय?’ असं काका जिन्याखालून ओरडून विचारतात आणि काकू तो वरून सगळ्या दुकानाला ऐकवतात. एवढा विश्वास आजकाल कुठे बघायला मिळतो?

मग त्या ताई. ‘जिरं राहिलं, आलेच हं!’ म्हणून लोकलच्या सीटवर रुमाल टाकावा तशी ट्रॉली टाकून जातात आणि येताना जिरं सोडून सगळं आणतात. त्यांनाही समजून घ्या. घर चालवणं सोपं नसतं.

सगळ्यात जास्त आदर मात्र अभ्यासू गिऱ्हाइकाचा करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शॅम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे त्याला तोंडपाठ असतं. निर्णय जीएसटी परिषदेचा, एमआरपी कंपनीने छापलेली, दर मालकाच्या ऑफिसातून कॉम्प्युटरमध्ये भरलेला. जाब मात्र बारकोड मारणाऱ्या मुलीने द्यायचा. ती नाही देणार तर कोण देणार? अर्थमंत्री काही काउंटर तीनवर बसत नाहीत.

बसायचं म्हणजे तीही बसत नाहीच. दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्या, असा कायदा केरळने २०१८ साली केला, तमिळनाडूने २०२१ मध्ये. आपल्याकडे असली खुळं नकोत. खुर्चीवर बसलेली मुलगी कामचुकार दिसते. सकाळपासून उभी असलेली कशी तत्पर वाटते! ती नोटा दोनदा मोजते तेव्हा मात्र ‘विश्वास नाही का आमच्यावर?’ हे विचारायला विसरू नका. रात्री गल्ल्यात पैसे कमी भरले तर काही ठिकाणी तिच्याच पगारातून कापतात म्हणे, पण तो त्यांचा घरगुती मामला.

पिशवीचा प्रश्न स्वतंत्र आहे. महाराष्ट्रात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून आपल्या प्रत्येकाच्या घरी दारामागे एक पिशव्यांची पिशवी टांगलेली असते. ती तिथेच राहते. आपण काउंटरवर येऊन चंदीगडचा दाखला द्यायचा: तिथल्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये पिशवीचे ३ रुपये लावले म्हणून एका बड्या चप्पल-बूट कंपनीला ९ हजारांचा भुर्दंड लावला होता. निकाल कंपनीविरुद्ध होता, ही बारीकसारीक गोष्ट. तुमच्या समोर कंपनी नाही, ती मुलगी आहे. तिलाच सुनवा. ती ‘सॉरी सर’ म्हणेल. शिकवलेलंच आहे तसं.

आणि एवढी सहानुभूती वाटून झाल्यावर थोडा राग उरलाच, तर तो पुढच्या गिऱ्हाइकावर काढायचा नाही. ते उलटून बोलेल, मोबाइलवर शूटिंगही करेल. बिलातली एक वस्तू काढायची म्हणून सुपरवायझरच्या कार्डाची वाट बघत ती मुलगी थांबली असेल, तेव्हा घसा खाकरून म्हणा, ‘किती स्लो काम करता हो तुम्ही लोक!’ रांगेतून दोन-तीन माना हमखास डोलतील.

तुमचा नंबर आला की फोन कानाला लावा. ‘मेंबरशिप आहे का, सर?’ असं तिने दोनदा विचारलं तरी बोलणं तोडू नका, नुसता तळहात दाखवून थांबवा. मागच्यांची काळजी करू नका, त्यांचा समजून घ्यायचा सराव चांगला झालेला असतो.