खुलासा : ‘द डिपार्टेड’बद्दलचा माझा मेसेज

‘द डिपार्टेड’ या हॉलिवूड सिनेमाने हाँगकाँगच्या ‘इन्फर्नल अफेअर्स’ची (२००२) चोरी लपवून ऑस्कर लाटलं, असं आमच्या म्हापशाच्या ग्रुपवर मीच लिहिलं होतं. ते चूक. काल रात्री सिनेमा परत लावला, श्रेयनामावली संपेपर्यंत बसलो. मूळ चित्रपटाचं नाव तिथे सरळ आहे. २००७ साली त्याचा पटकथाकार विल्यम मोनाहनला मिळालेलं ऑस्करसुद्धा ‘रूपांतरित पटकथे’चंच, म्हणजे आधीच्या कलाकृतीवरून बेतलेल्या पटकथेचं, मग लपवलं कुठे? शेवटी बाल्कनीच्या कठड्यावरून जाणारा तो उंदीर (फितुराचं प्रतीक) मला आजही ढोबळ वाटतो, मूळ सिनेमाच सरस वाटतो. पण ती माझी आवड झाली. पणजीत एकाने माझाच मेसेज मला ‘वाच रे’ म्हणून दाखवला, ओशाळलो. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.