दाजी, साधं भरू नका

मेहुण्याला कंपनीने वर्षभरासाठी जर्मनीला धाडलं आणि पुण्याहून त्याची गाडी आमच्या दारात, सोलापुरात येऊन उभी राहिली. किल्लीबरोबर एकच सूचना होती: ‘दाजी, साधं भरू नका.’

दिसायला ती चारचौघींसारखी हॅचबॅक. कारखान्यातून निघताना तिला ११८ अश्वशक्ती दिली होती. तेवढ्यात माझे दोन जन्म निघाले असते. पण मेहुण्याने पुण्यात कुणा पोराकडून गाडीला लॅपटॉप जोडून घेतला आणि तिला दीडशेच्या घरात नेलं. सेटिंगही घेतलं ते शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलवरचं. पुण्यात बसून असले निर्णय घेता येतात. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी-१०० हे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल बाजारात आणलं तेव्हा पहिल्या १० शहरांत पुणं होतं. पुढच्या खेपेला हैदराबाद आलं. या दोन्ही गावांच्या मधोमध, त्याच हायवेवर आम्ही आहोत, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असं पंपावरच्या रांगेत छातीठोकपणे सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती सोशिकता आहे. इंजिनात हवा आणि पेट्रोल दाबून बसवतात, मग प्लगची ठिणगी पडते आणि मिश्रण शिस्तीत पेटत जातं. ट्यून केलेल्या गाडीत टर्बो जास्त हवा कोंबतो, ठिणगीही जरा आधीच पाडतात. मग कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने कावतं आणि आपली पाळी यायच्या आत भडकतं. हे नॉकिंग. जोरात होत राहिलं तर पिस्टनची वाट लागते. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल दम धरतं. या हिशोबाने आमचे साहेब साठ ऑक्टेनचे. फाईल टेबलावर टेकायच्या आत स्फोट.

त्यात आत जाणारी हवा गरम असली की नॉकिंग आणखी लवकर. सोलापूरच्या मे महिन्यातली हवा कशी असते ते सांगायला नको. त्रेचाळीस अंशांत होटगी रोडला सिग्नलवर उभं राहिलं की गाडीचं काय होतंय ते नंतर, आधी माझंच नॉकिंग सुरू होतं.

माझ्या नेहमीच्या पंपावर प्रीमियम मिळतं ते ९५ चं, आणि तेही असलं तर. ‘पावर टाक,’ म्हटलं की तिथला पोरगा आधी गाडीकडे बघतो, मग माझ्या चपलांकडे.

‘कशाला पैसे घालूलालाय काका? साधं टाकतो की.’

‘मेहुण्याची गाडी आहे रे.’

‘मग तर साधंच टाकू!’

एवढं होऊन ‘झिरो बघा’ म्हणेपर्यंत मागे दहा हॉर्न वाजत असतात. पावतीचा फोटो जर्मनीला पाठवावा लागतो. ९५ ला मेहुण्याने मोठ्या मनाने परवानगी दिली आहे, पण पाय हलका ठेवण्याच्या अटीवर. गाडीतला सेन्सर म्हणे नॉकिंग ऐकत असतो, आणि ऐकू आलं की कॉम्प्युटर ठिणगी मागे सरकवतो. म्हणजे दीडशे घोड्यांतले काही घोडे सोलापुरात बिनपगारी रजेवर.

‘महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन शंभरचं भरून आणत चला ना,’ त्याने सुचवलं. मी कागद घेतला. पुणं अडीचशे किलोमीटर, गाडी देते लिटरला पंधरा, म्हणजे एका बाजूला सतरा लिटर. टाकी सदतीसची. पुण्याला काठोकाठ भरून सोलापूर गाठलं की उरलं वीस. पुढच्या खेपेला पुण्यापर्यंत जायला सतरा राखून ठेवायचं. गावात फिरवायला राहिलं तीन लिटर. ते तीन लिटरही साध्याच्या जवळजवळ दीडपट भावाचं. हा हिशोब व्हॉट्सॲपवर पाठवला, तर त्यावर अंगठा आला.

नॉकिंग ओळखायचं कसं, हेही त्याने शिकवून ठेवलं होतं. ‘डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज येतो.’ आसरा पुलावर चढताना नेमका तो आला. खुळ्-खुळ्-खुळ्. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, गाडी बाजूला लावली, तर आवाज बंद. निघालो की पुन्हा. जर्मनीत नुकतं उजाडलं होतं. मेहुणा अंथरुणातून ओरडला, ‘इंजिन बंद करा!’ भर उन्हात ओळखीचा मिस्त्री आला. त्याने बॉनेटला हात लावला नाही. सरळ डिकी उघडली आणि स्टीलचा डबा बाहेर काढला. आत कडक भाकरी. नणंदेला पोचवायला म्हणून हिने सकाळी ठेवला होता. मिस्त्रीने त्यातला एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाला, ‘तुम्ही चालवता तशी चालवली तर नॉकिंगला वेळच नाही मिळायचा.’

खरं आहे ते. हलक्या पायाने चालणाऱ्या इंजिनावर तेवढा दाबच येत नाही. सात रस्त्याच्या गर्दीत रिक्षाच्या मागे रांगणाऱ्या गाडीला शंभर काय आणि नव्वद काय.

माढ्याच्या चुलतभावाला तर हे सगळं थोतांडच वाटतं. ‘ऊस आमचा, कारखाने आमचे, इथेनॉल आमचं. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर. आता वीस टक्के इथेनॉलचं ई-२० आलं, म्हणजे तुमचं साधं पेट्रोलसुद्धा ९५ चंच धरायचं. मग पावर कशाला?’ इथेनॉलला लिटरमागे ऊर्जा कमी असते, शिवाय ट्यूनिंगचं गणित वेगळं असतं, असं मी बोलायला लागलो, तेवढ्यात त्याने उसाच्या थकलेल्या बिलाचा विषय काढला.

पण खरा छळ शेजारच्या काकांचा. मला पावर भरताना पाहून त्यांनीही आपल्या जुन्या स्कूटरला ते सुरू केलं. ‘उचल वाढली बघा!’ मी त्यांना जिन्यातच उभं करून सगळं समजावलं: ठिणगी, दाब, नॉकिंग, ज्या इंजिनाला गरज नाही त्याला जास्त ऑक्टेनचा काही फायदा नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘मग तुम्ही का भरता?’

‘माझ्या भावाची गाडी आहे ती,’ वरून गॅलरीतून हिने परस्पर उत्तर दिलं, आणि काका ‘अच्छा, अच्छा’ म्हणत खाली उतरले.